भोपळफूल की चांदणी

"हिच्या पात्या कसल्या रे?" अक्कानं विचारलं आणि हातातली अळंबी उलटी करून माझ्या नाकापुढं धरली.

"पिवळ्या," मी म्हणालो आणि गोष्ट पुढं ओढली. "तर खेचर उठलं, चर्चच्या सात पायऱ्या चढलं आणि पाद्रीबाबाच्या तोंडून निघायच्या आत त्यानंच 'आमेन' म्हटलं. मी समोर होतो."

ओसरीवर टोपल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या बायका खिदळल्या. अक्कानं ती अळंबी भोपळफुलांच्या ढिगावर ठेवली. ढीग सेनाइदाच्या टोपलीत गेला, वर नेचाची पानं पसरली गेली, आणि पुढची टोपली सरकली.

मी त्या अळंबीकडं बघितलंच नव्हतं.

ही गुरुवारची सकाळ. आमच्या दारात पावसाळ्यातली प्रत्येक सकाळ अशीच असायची. मालिंत्सी डोंगरावरून बायका उतरायच्या, ओल्या लोकरीचा वास मारत, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तालुक्याच्या बाजारात जायच्या आधी प्रत्येकीची टोपली लिब्रादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या हाताखालून जायची. एकेचाळीस वर्षं जात होती. तिच्याआधी आमची आई बघायची. अक्का शहात्तरची. मी सत्तरीचा, बायको वारल्यापासून तिच्याच घरी पडून असलेला, आणि गावातला एक नंबरचा थापाड्या.

ही पदवी मी कष्टानं मिळवली आहे. पाऊस एकदा एवढा लागला की कालव्यातले मासे चढत चढत चर्चमधल्या पवित्र पाण्यात येऊन राहिले आणि पाद्रीबाबाला त्यांचा बाप्तिस्मा करावा लागला, हे मीच पहिल्यांदा सांगितलं. माझ्या चुलत्याला सापडलेल्या अळंबीच्या छत्रीखाली तो, त्याचं गाढव आणि एक जमीन मोजणारा सरकारी माणूस असे तिघं गारपिटीतून वाचले, हेही माझंच. लोक हसतात, घायपाताच्या दारूचा, म्हणजे पुल्केचा पेला पुढं करतात. नुकसान कुणाचं होत नाही. म्हणजे त्या गुरुवारपर्यंत झालं नव्हतं.

आमच्याकडं खायच्या प्रत्येक अळंबीला एक वेडी बहीण असते. शहाणीला घरात घ्यायचं, वेडीला रानात सोडायचं. पण दोघी एका आईच्या, तोंडावळा सारखा. भोपळफुलाची वेडी बहीण म्हणजे चांदणी. भोपळफूल शेंदरी-पिवळं, चांदणी लाल, आणि लालावर पांढरे ठिपके, चांदण्या शिंपडल्यासारखे. एवढं शेंबडं पोरही ओळखेल. पण चार दिवस पाऊस लागला की चांदण्या धुऊन जातात, लाल फिकटतं, आणि वेडी बहीण शहाणीची ओढणी घेऊन उभी राहते.

तरी एक खूण राहते बुडाशी. भोपळफूल अंड्यातून निघाल्यासारखं पांढऱ्या पिशवीतून निघतं, चांदणीला तशी पिशवी नसते. पण आमच्या बायका बूड उपटत नाहीत. दांडा वरून सुरीनं कापायचा, राहिलेल्या बुडावर पाइनच्या सुया लोटायच्या, वरून हात फिरवायचा, मग पुढं जायचं. पुढच्या वर्षी तिथंच यावं म्हणून. उपटून आणलेली अळंबी टोपलीत दिसली तर अक्का त्या बाईला सगळ्यांसमोर हरामखोर म्हणायची. त्यामुळं टोपलीत पिशवी कधी येतच नाही. उरतात त्या छत्रीच्या पोटातल्या पात्या. भोपळफुलाच्या पिवळ्या, चांदणीच्या पांढऱ्या. सगळा निवाडा तिथं होतो.

आणि अक्काला पांढरं दिसत नव्हतं.

मोतीबिंदू कुणाच्या डोळ्यात धुक्यासारखा उतरतो, हिच्या डोळ्यात मधासारखा उतरला. तीन पावसाळे झाले, तिला सगळं पिवळं. मीठ पिवळं, कोंबडीची पिसं पिवळी, चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला निघालेल्या मुलींचे पांढरेशुभ्र झगे पिवळे. इस्पितळात मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टरनं दिवा मारून बघितलं आणि म्हणाला, वरचा मोतीबिंदू काढता येईल, पण मागचा पडदाच गेलाय, रंग परत येतील असं मी सांगणार नाही. अक्का म्हणाली, "मग राहू दे." बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि घरापर्यंत मला म्हणाली ते एवढंच, "गावात बोललास तर जीभ कापीन."

मी बोललो नाही. त्याऐवजी तिच्याशेजारी बसायला लागलो. तिचा अंगठा छत्रीच्या काठावरून फिरायचा. भोपळफुलाच्या काठाला फणीच्या दातांसारख्या लांब रेघा असतात, त्या तिला बोटाला कळायच्या. शंभरातल्या पंच्याण्णव अंगठ्यावरच निभायच्या. उरलेल्या पाच ती माझ्यापुढं धरायची, सहज विचारल्यासारखं, "हिच्या पात्या कसल्या रे?" बायकांना वाटायचं, म्हातारी भावाला शिकवतेय. या वयात! त्यावरूनही त्या हसायच्या.

म्हणजे तीन पावसाळे गावाचा जीव एका थापाड्याच्या शब्दावर चालला होता. माझ्या आयुष्यातली खरी बोललेली वाक्यं मोजायची म्हटली तर बहुतेक ती ह्या पाचांतलीच निघतील.

शनिवारी बातमी आली. बाजारातल्या प्राक्सेदेस न्हाव्यानं गुरुवारी सेनाइदाकडून भोपळफुलं घेतली, बायकोनं कांदा आणि हिरवी मिरची घालून परतली, दोघांनी मक्याच्या भाकरीत गुंडाळून खाल्ली. तासाभरात दोघं ओकायला लागली. मग बायको झोपली ती उठवून उठेना, आणि प्राक्सेदेस आरशापुढं उभा राहून मेलेल्या सासूची दाढी करायला लागला. वस्तरा गाणं म्हणत होता, असं तो दवाखान्यात सांगत होता. ह्यात माझं पदरचं काही नाही. पदरचं घालायची त्या दिवशी ताकद नव्हती. दोघं वाचली. पण बाई म्हातारी, हृदयाची दुखणेकरी. थोडक्यात वाचली.

बाजारात आमच्या गावच्या बायकांसमोरच्या टोपल्या दुपारपर्यंत तशाच राहिल्या.

सेनाइदा ही अक्काची सून. पोरगा हिलारियो सहा वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या गावातून हिला करून घेऊन आला आणि दोन वर्षांत स्वतः उत्तरेला, सीमेपलीकडं मजुरीला निघून गेला. कधीमधी फोन येतो, तेवढाच. हिनं सासूपाशी राहून डोंगर शिकला. पायांनी शिकली, डोळ्यांनी अजून शिकतच होती. तिच्या टोपलीत आठवड्याला एखादी वेडी निघायचीच. अक्का काढून टाकायची आणि म्हणायची, "ही तुझी मैत्रीण वाटतं?" नव्या बाईच्या टोपलीत वेडी निघणं हा गुन्हा नाही. त्यासाठीच तर निवड असते. पण निवडीनंतर वेडी बाजारात गेली, तर नेणारी बाई पुन्हा डोंगर चढत नाही. हा आमच्याकडचा कायदा, आणि तो बायकांनीच केलेला आहे, त्यामुळं मोडत नाही.

त्याच दुपारी डॉक्टर ओफेलिया आली. ही औषधाची डॉक्टर नव्हे, अळंब्यांची. विद्यापीठातली. अकरा वर्षं अक्काबरोबर डोंगर फिरतेय, अक्काच्या तोंडची नावं वहीत उतरवून घेतेय. न्हाव्याच्या तव्यातला उरलेला तुकडा दवाखान्यानं तिच्याकडंच तपासायला दिला होता.

"चांदणीच आहे, लिब्रादाबाई," तिनं बाटली टेबलावर ठेवली. "शंका नाही."

"बसा. कॉफी घ्या," अक्का म्हणाली.

डॉक्टर बसली. काय बोलावं हे तिला सुचत नसावं, म्हणून तिनं पिशवीतून छापील कागद काढले. "तुम्हाला एक सांगायचं राहूनच गेलंय. तुमच्या भोपळफुलाला आता पुस्तकात वेगळी जात म्हणून धरतात. आधी आम्ही ते समुद्रापलीकडच्या अळंबीतच मोजत होतो, रोमचे बादशहा खायचे तिच्यात. पण ती वेगळी आणि ही वेगळी. नावही वेगळं दिलंय."

"म्हणजे इतकी वर्षं तुमच्या पुस्तकात ती भलतीच्याच घरात नांदत होती?"

"तसंच म्हणा."

"आणि त्यापायी कुणी ओकलं? कुणी मेलं?"

"नाही."

"मग तुमची चूक स्वस्तात सुटली, बाई."

डॉक्टर हसली नाही. पिशवीतून तिनं एक पट्टी काढली. पुठ्ठ्याची, रंगांचे लहान लहान चौकोन चिकटवलेली. पांढरा, साईसारखा, लोण्यासारखा, मग पुढं पिवळे, पिवळ्याचे दहा प्रकार. स्वतःच्या टोपलीतून आणलेल्या दोन अळंब्या तिनं उलट्या ठेवल्या. "वहीत लिहायचंय. ह्या पात्यांचा रंग ह्यातल्या कुठल्या चौकोनाशी जुळतो, बोट ठेवा बरं."

मी कोंबड्यांकडं बघायला लागलो.

अक्कानं पहिल्या अळंबीच्या पात्या बघितल्या आणि बोट पिवळ्यावर ठेवलं. बरोबर होतं. दुसरी उचलली. ती चांदणी होती, दुधासारखी पांढरी, मला सहा हातांवरून दिसत होतं. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग तिचं बोट हळूहळू पट्टीवरून सरकलं आणि त्याच पिवळ्यावर येऊन थांबलं.

डॉक्टरनं पट्टी उचलली, घडी घातली, वही उघडलीच नाही.

"कधीपासून?"

"तीन पावसाळे," अक्का म्हणाली. "नाबोरला विचारू नका. तो सांगेल, माझ्या डोळ्यांत मधमाश्यांनी पोळं केलंय."

हे मी खरंच एकदा म्हटलं होतं, पण तिच्याकडंच.

"उद्या बायकांची बैठक आहे ना? मी येते," डॉक्टर म्हणाली. "शास्त्राच्या भाषेत समजावून सांगते. वयामुळं रंगांत फरक पडतो, कुणाचाही दोष नाही, असं."

"नको. शास्त्राच्या भाषेतलं त्या ऐकून घेतील, मान हलवतील, आणि घरी जाऊन माझ्या सुनेलाच शिव्या देतील. तुमचे उपकार आहेत. पण नको."

डॉक्टर गेली. बाटली तशीच टेबलावर राहिली. सेनाइदा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, आणि तिच्या पाठीकडं बघून मला एकदम कळलं की हिला ठाऊक आहे. आजचं नव्हे, केव्हापासूनच. सासूसाठी मीठ वेगळ्या निळ्या वाडग्यात काढून ठेवायची ही, पिठाशी गल्लत होऊ नये म्हणून. मी मूर्ख, मला वाटायचं तिला निळा रंग आवडतो.

"गुरुवारी," अक्का म्हणाली, "सेनाइदाच्या टोपलीतली एक तुला दाखवली होती. आखूड दांड्याची. तू बघितलंस का?"

खोटं बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पण तिथं, त्या चुलीपाशी, मला एक साधंसुधं खोटं सापडेना.

"खेचराची गोष्ट सांगत होतो, अक्का."

"हूं."

"बघितलं नाही."

मला वाटलं, ती ओरडेल. लहानपणी मी तिचं कोकरू लांडग्यानं नेलं म्हणून सांगितलं होतं, खरं म्हणजे मी पुल्केवाल्याकडं गुंतलो होतो, तेव्हा तिनं मला विळ्याच्या मुठीनं मारलं होतं. वण अजून आहे. आता ती नुसती डोळे चोळत बसली.

"तुझं काय चुकलं? दुसऱ्याला विचारून निवडते ती कसली निवडणारी," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी उठायला पाहिजे होतं मी. उठवेना."

"आई," सेनाइदा वळली नाही, "मी सांगते उद्या, की वाटेत एक दिसली, ती मीच टाकली टोपलीत. सगळ्यांना तसंच वाटतंय. मला काय, मी कपड्याच्या कारखान्यात जाईन. बायका घेतायत तिकडं. तुमची एकेचाळीस वर्षं आहेत."

"भाकरी करपतेय."

"आई, ऐका तरी."

"करपतेय म्हटलं ना."

रविवारी प्रार्थना संपल्यावर बायका चर्चच्या अंगणात जमल्या. पस्तीस-चाळीस असतील. पुरुषांना त्या बैठकीत बसता येत नाही. मी भिंतीशी उभा राहिलो, कारण मला कुणी पुरुषांत धरत नाही. मधे दोमितिला बसली होती. बाजारातल्या जागा कुणी कुठं मांडायच्या हे तीच ठरवते. ती आणि अक्का एका दिवशी बाप्तिस्मा झालेल्या, सत्तर वर्षांच्या मैत्रिणी.

"मी लांबण लावत नाही," दोमितिला म्हणाली. "काल माझी दीड टोपली परत आली. सगळ्यांच्याच आल्या. न्हाव्याची बायको मेली असती तर आज आपण इथं नाही, पोलीस चौकीत बसलो असतो. टोपली लिब्रादाच्या हाताखालून गेली होती. लिब्रादाचा हात चुकत नाही. म्हणजे वेडी नंतर आली. कुठून आली, सेनाइदा?"

सेनाइदा उभी राहिली. जमिनीकडं बघत म्हणाली, "वाटेत. ओढ्याच्या कडेला एक दिसली. मला वाटलं भोपळफूल. उचलली आणि टाकली."

"बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. "मी म्हणत होते."

"समुद्राकाठची ती. तिला अळंबी काय आणि खेकडा काय!"

"खेकडा निदान चावतो तरी."

"गप्प बसा गं," दोमितिला म्हणाली. तिलाही आनंद नव्हता झाला. "पोरी, कायदा तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

तेवढ्यात अक्का उठली. उठायला तिला वेळ लागतो. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा शेजारणीच्या खांद्यावर. तोवर सगळ्या थांबल्या.

"ओढ्याच्या कडेला ओक आहे का?" तिनं विचारलं.

सेनाइदानं मान वर केली.

"पाइन आहे? नुसते विलो आहेत. विलोखाली भोपळफूल उगवत नाही आणि चांदणीही उगवत नाही. सहा वर्षं डोंगर चढतेस आणि एवढं कळत नाही तुला? खोटंच बोलायचं होतं तर नाबोरमामाकडून शिकून तरी यायचंस."

दोघी-चौघी हसल्या. अक्का नाही हसली.

"ती वेडी माझ्या हातून गेली. मी हातात घेतली, उलटी केली आणि शहाणीत ठेवली. मला पांढरं दिसत नाही."

"म्हणजे?" दोमितिला म्हणाली.

"म्हणजे दिसत नाही. तीन पावसाळे झाले. सगळं पिवळं दिसतं."

"काहीतरीच काय लिब्रादा! सुनेसाठी बोलतेयस तू."

दोमितिलानं डोक्यावरून रुमाल काढला. रविवारचा, कांजी केलेला, शुभ्र. आणि अक्काच्या हातात दिला. "हा कुठल्या रंगाचा, सांग."

अक्कानं तो डोळ्यांजवळ नेला, उन्हात धरला, उलटा करून बघितला. "मला पिवळा दिसतो," ती म्हणाली. "पण तू पिवळा रुमाल घालून देवापुढं यायची नाहीस, म्हणजे पांढराच असणार. माणसांचं असं ओळखता येतं गं. अळंबीचं नाही येत."

अंगणात एवढी शांतता झाली की खुराड्यातल्या कोंबड्यांनीही खाणं थांबवलं. कोंबड्यांचं सोडा. शांतता मात्र झाली होती.

मग मी भिंतीपासून पुढं झालो.

"अक्काची चूक नाही," मी म्हणालो. "तिला संशय आला होता. तिनं मला दाखवली ती. पात्या कसल्या, विचारलं. मी पिवळ्या म्हणालो. मी बघितलं नव्हतं. गोष्ट सांगत होतो तुम्हालाच. तुम्ही सगळ्या तिथं होतात!"

बायका माझ्याकडं बघत राहिल्या. मग एकीच्या तोंडून फुस्स झालं आणि सगळ्या हसायला लागल्या.

"बसा मामा! त्या खेचरानंच सांगितलं असेल, पिवळ्या म्हणून!"

"देवाशपथ सांगतो!"

"कुठल्या देवाची? माशांना बाप्तिस्मा देणाऱ्या?"

"अगं, आईच्या थडग्याची शपथ! तीन वर्षं रोज ती मला विचारून..."

"तीन वर्षं लिब्रादामावशी ह्यांना विचारून निवडत होत्या!" आता तर हसून हसून एकीला ठसका लागला. "मग आपण सगळ्या मेलो कशा नाही!"

मी जेवढा शपथा घेत गेलो तेवढ्या त्या हसत गेल्या. मी छाती बडवली, टोपी जमिनीवर आपटली. आयुष्यभर मी ह्यांच्यापुढं असंच छाती बडवून मासे आणि खेचरं विकली होती. शेवटी दोमितिलानं अक्काच्या हातातला रुमाल घेऊन डोळे पुसले आणि मऊ आवाजात म्हणाली, "बहिणीसाठी काय काय करतो बघा हा माणूस. खोटं बोलतो, पण मनानं सोन्यासारखा आहे." आणि बायकांनी माना हलवल्या. मला त्या दिवशी गावानं चांगला माणूस ठरवलं. ह्याहून वाईट शिक्षा मला कुणी दिलेली नाही.

अक्का माझ्याकडं बघत होती. मी तिला कसा दिसत होतो कोण जाणे. पिवळाच असणार.

"बस नाबोर," ती म्हणाली. "दमलास."

निकाल लागायला वेळ लागला नाही. दोमितिला म्हणाली, कायदा नेणाऱ्या बाईला आहे, पण ही निवडून घेऊन गेली होती, तिनं लपवलं काही नाही, म्हणून सेनाइदा डोंगर चढेल. निवडणाऱ्या बाईला कायदाच नाही. ती चुकेल असं कधी कुणाला वाटलंच नव्हतं. उद्यापासून टोपल्या दोमितिलाच्या ओसरीवर जातील आणि प्रत्येक टोपली दोघीदोघी बघतील. दोन महिने बाजारात मान खाली घालून बसायचं, गिऱ्हाईक परत येईल. न्हाव्याच्या घरी कोंबडी पाठवायची. अक्काबद्दल कुणी एक वाकडा शब्द काढला नाही. एकेक बाई येऊन तिच्या गालाला गाल लावून गेली. मयताला आल्यासारखं.

घरी येताना चढावर ती तीनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबल्यावर तीच म्हणाली, "हलकं वाटेल असं वाटलं होतं रे."

"नाही वाटत?"

"नाही. नुसतं पाय दुखतायत."

सोमवारी ती नेहमीच्या वेळी उठली. सेनाइदा उजाडायच्या आत डोंगरावर गेली होती. अक्कानं तोंड धुतलं, वेण्या घातल्या, स्वच्छ एप्रन बांधला आणि ओसरीवर जाऊन बसली. मी म्हणालो, "आत बस, गार आहे." ती म्हणाली, "इथं काय वाईट आहे?" मीही शेजारी बसलो. कामधंदा नव्हता, पण बसलो.

आठच्या सुमाराला बायका उतरायला लागल्या. दोमितिलाच्या घरी जायला आमच्या दारावरूनच वाट आहे, दुसरी नाही. टोपल्यांवर ताजी नेचाची पानं, त्यांतून पाणी ठिबकत होतं. पहिली बाई दारासमोर आली, क्षणभर अडखळली, आणि मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "मावशी, मी आहे, रुफिना!"

अक्कानं मान वर केली. रुफिना तिच्यापासून तीन हातांवर उभी होती. तिचा जन्म अक्काच्या हातावर झालेला.

"हो गं," अक्का म्हणाली. "जा."

दुसरी आली. तीही थांबली. "मी पेत्रा, मावशी! पेत्रा!"

मग सगळ्याच. त्यांचं आपसात काही ठरलं नव्हतं. पहिलीनं केलं ते दुसरीनं उचललं, चांगुलपणानंच. प्रत्येक जण दारापाशी थांबत होती, आंधळ्यासमोर सांगावं तसं आपलं नाव सांगत होती, एक-दोघी तर हातही हलवत होत्या. अक्काला माणसं नीट दिसतात. त्यांच्या चपलांवरचा चिखल दिसतो, कुणाच्या डोळ्यांखाली काळं आलंय ते दिसतं. मी तोंड उघडणार होतो. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

सगळ्यांत शेवटी दोमितिला आली, धापा टाकत. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच आमच्या दारात ती नुसती उभी राहिली, आत न येता.

"लिब्रादा," ती म्हणाली, "मी दोमितिला."

"बरं झालं सांगितलंस," अक्का म्हणाली. "जा, वाट बघत असतील. उतारावर सांभाळून पाय टाक, ओलं आहे."